सहा पन्नासची फेरी

माझी बोट पिवळी आहे, आणि ती कुठेही जात नाही.
पाण्याखालच्या पोलादी दोराला धरून
बेटावरून पलीकडे, पलीकडून बेटावर,
सहा मिनिटं जायची, सहा मिनिटं यायची.
वादळातसुद्धा वाट चुकायची सोय नाही.
असल्या बोटीवाल्याची पोरं
दूर जायला कुठे शिकली, कोण जाणे.

आधी सिगब्रिट गेली, मग रागनार.
दीसा आमचं शेंडेफळ.
गुन्वोर एक्केचाळिशीची होती तेव्हा,
पाळणा आम्ही शेजारी देऊन टाकलेला,
तो परत मागायला मीच गेलो होतो
ओशाळून, पाय पुसण्यावर बूट घासत.

बारा वर्षं ती धावतच आली या फेरीला.
एक बूट पायात, एक हातात,
तोंडात राईच्या पावाचा तुकडा.
हिवाळ्यात बर्फ फोडून केलेली काळी वाट
पुन्हा साकळायच्या आत निघायला हवं असायचं,
तरी मी दोन मिनिटं थांबायचो
आणि नोंदवहीत लिहायचो: सहा पन्नास.
सरकारला मी आयुष्यात तेवढंच फसवलं.

सहावीपर्यंत केबिनमध्ये, हीटरला पाठ लावून,
मला पाढे म्हणून दाखवायची.
सातवीपासून बाहेर, कठड्याशी, कानात गाणी.
मैत्रिणींसमोर मी फक्त बोटीवाला.
काच पुसायच्या निमित्ताने
मी तिचा पाठमोरा अंबाडा बघून घ्यायचो.

शनिवारी तिला पांढरी टोपी मिळाली.
मुख्याध्यापिकेने सांगताच बावन्न टोप्या
एकदम बावन्न डोक्यांवर,
जसे कुरव पक्षी एकाच वेळी खडकावर उतरावेत.
गुन्वोर रडली.
माझ्या बुटात खडा गेला होता,
मी त्याचाच विचार करत राहिलो.

घरी बर्चच्या डहाळ्या, कोळंबीचा सँडविच-केक,
कुणीतरी पाठीवर थाप मारली, "सुटलात एकदाचे!"
हो म्हणालो. मनापासून म्हणालो.
साऊनाच्या बाकावरचे ओले मोजे,
आपटलेली दारं, दिवसाला दोन लिटर दूध,
रात्री दोनला पलीकडच्या काठावरून फोन,
"बाबा, येतोस?"
आणि मी शर्टावर कोट चढवून लहान होडी काढतोय.
संपू दे हे, असं किती वेळा म्हणालो असेन.
आता संपलंय, तर वाटतं
माझं बोलणं कुणीतरी उगीच मनावर घेतलं.

रविवारी गुन्वोर टेप घेऊन तिच्या खोलीत गेली.
कधीपासून हातमाग लावायचाय तिला.
खाली येऊन म्हणाली, "पाच सेंटिमीटर कमी पडतात."
दोघंही बराच वेळ
फार वाईट झालं, असा चेहरा करून बसलो.

सोमवारी शाळेची मुलं नव्हती.
दीसा वर झोपलेली. ऑगस्टपर्यंत आहे ती अजून इथेच,
आत्तापासून कशाला जीव टांगणीला लावायचा.
सहा पन्नास झाले.
घड्याळाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं नाही.
फाटक पाडलं. सुटलो.

मध्यावर आलो तेव्हा
मागे काठावर कुणीतरी हात हलवत होतं.
काळजात चर्र झालं.
याल्मार होता तो,
नव्या बटाट्यांची व्हॅन घेऊन, लालबुंद.
बारा वर्षं त्या दोन मिनिटांच्या भरवशावर
तोही घरातून उशिरा निघत आला होता
आणि कधी बोलला नव्हता.

मध्येच मागे फिरायचं नाही, असा नियम आहे.
पलीकडे गेलो,
कुणासाठी नाही तरी फाटक उघडलं,
बंद केलं, परत आलो.
"आज झालं काय तुला?" याल्मारने विचारलं.
"घड्याळ दुरुस्त केलं," मी म्हणालो.