निनावे, झिबल

मागणीची चिठ्ठी अकराला आली.
निळी शाई, अक्षर उजवीकडे कललेलं:
निनावे, झिबल. किनारींच्या नक्षीची वही.
दाखल क्रमांक: माहीत नाही.
मागणारी प्रणोती हेडाऊ, तांडापेठ.

बाहेर नवतपा. रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवतं.
वाचनकक्षात कूलर आहे, वाळ्याचा वास आहे,
पण ती हवा तळघरात न्यायची नसते,
कागदाला ओल चढते.
मी डोक्याचा दुपट्टा सोडून गळ्यात घेतला
आणि खाली उतरलो, किल्ल्या आणि टॉर्च घेऊन,
कारण सातव्या ओळीतली ट्यूबलाइट
दिवाळीपासून उघडमीट करते आहे.

न-चं कपाट.
नंदागवळी, नागोसे, निकोसे,
आणि एकदम निमजे.
मधे बोट जाईल एवढीही फट नाही.

हरवलेल्या वस्तूची जागा तरी असते.
लाकडी ठोकळा असतो, बाहेर नेल्याची पाटी असते,
निदान धुळीत एक स्वच्छ चौकोन.
इथं काहीच नव्हतं.
म्हणजे वही हरवली नव्हती,
इथवर आलीच नव्हती.

वर येऊन म्हटलं, नाही जी, सापडत नाही.
ती वाद घालत बसली नाही.
पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली,
पिशवीतून पावती, चौघडी मोडलेली:
वही एक. झिबल निनावे यांजकडून. मिळाली.
खाली सही.

ते अक्षर मी ओळखतो.
माणूस मी पाहिलेला नाही,
पण सत्तावीस वर्षं त्याच्याच नोंदींवरून वाट काढतो आहे.
त्याची मात्रा सरळ जात नाही,
शेवटी खाली वळते,
घाईत असला की वेलांटीच होते.

मी पुन्हा उतरलो.
या वेळी न-कडे गेलोच नाही.

शेवटची ओळ, जिन्याखाली, जमिनीलगतचा खण.
इथं गुडघे टेकावे लागतात.
बत्तीस बस्ते, लाल खारव्यात,
कडुलिंबाचा पाला चुरा होऊन बाहेर सांडलेला.
एकोणिसाव्या बस्त्यावर टंकलेलं कार्ड:
कर्ता: निनावी.
शीर्षक: झिबल.

हसू आलं, तळघरात एकट्याला येतं तसं.
मग आलं नाही.

वही हातानं आखलेली. एक चौकोन, एक धागा.
करवती किनारीचे दात पानभर,
समासात पेन्सिलीनं: दोन घरं जास्त झाली. उसवलं.
पुढं हळदीचं बोट, पुढं दोन कोरी पानं,
पुढं कुणाचा तरी हिशेब, सूत साडेतीन शेर.

तिनं हातमोजे घातले, तरी पानाला हात लावला नाही,
बोट वरच्या वर धरून ओठांनी मोजत गेली.
मग म्हणाली, अकराच आहेत.
काय अकरा?
दात अकरा घरांवर वळतो.
घरी सगळे नऊ म्हणतात.

एवढंच हवं होतं तिला. पाचला वही परत दिली,
वहीत सही केली, आमच्या वहीत,
आणि ऊन उतरायची वाट न पाहता गेली.

आता ठेवायची कुठं?
नियम सांगतो, जिथून काढली तिथंच.
कार्ड बदलायचं तर अर्ज, अर्जावर समिती,
समितीची बैठक पावसाळ्यानंतर.
आणि मी न-मध्ये ठेवली,
तर कार्ड वाचून येणाऱ्याला ती उद्यापासून नाही.

मी वही जिन्याखाली ठेवली, एकोणिसावी.
मग सातव्या ओळीत गेलो,
निकोसे डावीकडं रेटले, निमजे उजवीकडं,
दोघांच्या मधे बोटभर जागा केली
आणि पुठ्ठ्याची पट्टी उभी केली.
पेन्सिलीनं लिहिलं, मात्रा नीट, वर जाणारी:

निनावे, झिबल.
जिन्याखाली आहेत. वाकून पाहा.

दिवा उघडमीट करत होता.
बाकीच्या एकतीस बस्त्यांची कार्डं
मी त्या दिवशी वाचली नाहीत.
साडेपाचला कुलूप लावावं लागतं.