घराचा नकाशा हाताने काढावा

उदोन थानीच्या इमिग्रेशन कचेरीसमोर
माझं झेरॉक्सचं दुकान आहे. फोटोही काढून मिळतात.
पासपोर्टाचं प्रत्येक पान, कोरंसुद्धा,
बँकेचं पत्र आजच्याच तारखेचं,
सही निळ्या शाईत,
हे मी सांगते. साहेब सांगत नाही.
साहेब नुसता कागद परत सरकवतो.

बाकावर म्हातारे बसतात, पंख्याखाली,
आणि देशांचे भाव करतात.
पोर्तुगाल आता महागलंय म्हणे.
पनामाला पेन्शनची चिठ्ठी दाखवली की झालं,
पण तिथं आपलं कोण?
मलेशियानं ठेव वाढवली तेव्हा
इंगोल्फ दोन दिवस नीट जेवला नव्हता.
कोथिंबिरीची जुडी उलटीसुलटी करावी
तसा एकेक देश हातात घेतात,
मुळाशी चिखल किती ते बघतात,
परत ठेवतात
आणि माझ्याकडे नव्वद दिवसांच्या हजेरीचा फॉर्म मागतात.

ताउनो त्यांच्यात बसत नाही.
केमी गावात तो बर्फ काढायची गाडी चालवायचा,
अडतीस वर्षं. रात्री तीनला उठून
लोकांच्या दारापर्यंतचा रस्ता मोकळा करायचा.
इथं त्याचा एक हात कपाळ पुसण्यातच जातो.

बँकेत त्याचे आठ लाख बात निजून असतात.
हात लावायचा नाही.
"माझ्यापेक्षा त्यांचीच तब्येत ठणठणीत," म्हणतो.

तिकडून हयातीचा दाखला मागतात.
मी जिवंत आहे, हे दुसऱ्या कुणी लिहून द्यायचं.
एकदा कुणी सापडेना, तेव्हा मीच पेन उचललं.
चालत नाही म्हणाले, शिक्का लागतो.
मी त्याला रोज बघते.
शिक्का नाही.

अर्जाला घराचा नकाशा जोडायचा, हाताने काढलेला.
पहिल्या वर्षी त्यानं पट्टीनं काढला,
उत्तर दिशा, अंतरं मीटरात.
तिसऱ्या वर्षी नकाशात नूडल्सची गाडी आली,
मग विहाराची भिंत,
मग कोपऱ्यावरचं चावरं कुत्रं, शेपटीसकट.
गेल्या वर्षी कुत्रं खोडलेलं होतं,
एकाच रेघेनं, जपून.
साहेबानं बोट ठेवलं, हे काय?
ताउनो म्हणाला, खूण होती.

बूनमा माझा नवरा.
जुलै लागला की फिनलंडला जातो, जंगलात बेरी वेचायला.
त्यालाही नव्वदच दिवस.
इथं राहणार का, असं त्याला कुणी विचारत नाही.
राहणार नाहीस ना, एवढंच विचारतात.
पाढा एकच,
एकानं हजेरी लावायची, दुसऱ्यानं चालतं व्हायचं.

परवा बूनमाचा फोटो काढत होते.
कान दिसू देत. हसू नकोस.
ताउनो बाजूला, नंबर यायची वाट बघत.
टोपलीतला एक बिघडलेला झेरॉक्स त्यानं उचलला,
पाठकोरा,
आणि काढायला लागला. पट्टी न घेता.
केमीपासून वर, नदी डाव्या हाताला.
लाकडी पूल, गाडीत ओझं असेल तर उतरून चालायचं.
मग दलदल. दलदलीच्या कडेनं पिवळी बेरी,
ही जागा त्यानं सख्ख्या बहिणीला सांगितली नव्हती.

कोपऱ्यात एक चौकोन होता. मी बोट ठेवलं, हे काय?
घर, म्हणाला. विकलं.
आता तिथं दुसरे राहतात.
पण दारात विहीर आहे, पाणी गोड,
मागितलं तर नाही म्हणणार नाहीत.

बूनमानं घडी घालून कागद पासपोर्टात ठेवला.
थांब म्हटलं, परत घेतला,
आणि एक प्रत काढून ठेवली. धंद्याची सवय.
ताउनोनं खिशात हात घातला, किती झाले?

तेवढ्यात आतून त्याचं नाव पुकारलं,
नेहमीसारखं चुकीचं.
तो उठला, कपाळ पुसलं,
आणि रस्ता ओलांडून हजेरी लावायला गेला.