साखळी

पहाटे साडेतीनला रांगेत आम्ही नसतो,
आमचे सिलिंडर असतात.
पिवळे, पोचे पडलेले, एका लांब साखळीत ओवलेले.
शेवटच्या कडीला कुलूप, आणि किल्ली
प्रिमितिवाच्या घेरदार घाघऱ्यांपैकी
आतल्या कुठल्या तरी एका घाघऱ्यात.
तिला कुणी निवडून दिलेलं नाही.
मागं एकदा सिलिंडर चोरीला गेले,
दुसऱ्या दिवशी तिनं साखळी आणली, एवढंच.
आता तिच्याशी कुणी वाकड्यात शिरत नाही.

साडेपाचला माणसं येतात. शाली, कानटोप्या, तोंडातून वाफ.
एल आल्तोच्या उंचीवर श्वास जपून वापरावा लागतो,
पण मत मांडायला तो कुणालाच कमी पडत नाही.

सातुर्निनो खाणीत सव्वीस वर्षं होता, फुप्फुसं निम्मी उरलीत.
"गॅस आपल्याच पायाखालून निघाला," तो म्हणतो,
"नळीतून शेजारच्या देशात गेला,
आणि मी इथं चूल विझवून उभा."
"शेजाऱ्यांनी पैसे मोजलेत त्याचे," मास्तर एवारिस्तो.
"कुणाच्या हातात?"
इथं सगळे हसतात.
मी मावशीच्या पाठीवर बांधलेली असायचे तेव्हापासून
हा विनोद ऐकतेय.
सरकारं आली, पळाली. विनोद टिकला.

मिठागराखालचं ते पांढरं सोनं
चिन्यांना द्यावं की जर्मनांना?
यावर वीस मिनिटं.
"कुणालाही द्या," मास्तर म्हणतात,
"आपल्या वाट्याला मोबाईलचं रिकामं खोकं."

फेलिसाकडं जगाचा हिशेब बटाट्यांत असतो.
डॉलर चढला की किलोत एक बटाटा कमी.
"तिकडं कुठं तरी समुद्रात जहाज अडवलंय म्हणे.
आपल्याकडं तर समुद्रच नाही,
मग तेल माझ्याच कढईत का महागतं?"
समुद्राचं नाव निघालं की रांग जरा गप्प होते.
दीडशे वर्षं होत आली किनारा जाऊन,
अजून सुतक फिटलेलं नाही.

मग माझ्याकडं वळतात. वीस वर्षांची, पहिलंच मतदान.
"कुणाला दिलंस गं?"
"गुप्त असतं."
"तुमच्या गल्लीत डांबर पडलंय,
म्हणजे कळलंच."

टण. टण. टण.
वळणावर लॉरीवाला पान्यानं सिलिंडर बडवतो
आणि सातुर्निनो "खरं सांगायचं तर अमेरिकेनं"
इथंच थांबतो.
जग जिथल्या तिथं टाकून सगळे आपापल्या सिलिंडराशी.

खडूचे आकडे रात्रीच्या गारांनी पुसलेत.
आता यादी फक्त प्रिमितिवाच्या डोक्यात.
ती कुलूप काढते, बोटानं मोजत जाते,
आणि सहावा नंबर तिच्या बहिणीचा निघतो.
ती बहीण, जी आत्ता, आमच्या देखत,
मिनीबसमधून उतरली.

कुणीच बोललं नाही.
आत्ता आत्ता राष्ट्राध्यक्षाला खुर्चीवरून ओढणारे हात
खिशात गेले.
मास्तरांना बुटाची नाडी सापडली.
फेलिसा खोकली, पण तो नुसता खोकलाही असेल.
मी आकाशात बघितलं. तिथं केबलकारचे डबे,
त्यात माणसं, सगळी दुसरीकडं बघणारी.

अडतिसाव्या नंबरला लॉरी रिकामी झाली.
अडतिसावी मी. माझ्यामागं मास्तर.
"असू दे," ते म्हणाले,
आणि रिकामा सिलिंडर पायानं ढकलत उतारानं निघाले.
तो घरंगळण्याचा आवाज
फार लांबपर्यंत येत राहिला.
मी हाक मारणार होते.
भरलेला सिलिंडर जड असतो,
तो खांद्यावर घेतला की मान वळत नाही.

पुढच्या गुरुवारी साखळीला नवं कुलूप होतं,
आधीच्यापेक्षा थोडं मोठं.
सहाव्या नंबरचा विषय कुणी काढला नाही.
सातुर्निनोनं हातांवर फुंकर मारली.
"तर अमेरिकेनं," तो म्हणाला,
आणि आम्ही सगळे त्याच्याकडं वळलो,
कुलपाकडं पाठ करून.