तक्ता सहा

मोघेबाईंची खोली रिकामी करायला
मी आणि रामसेवक कुशवाह.
तो म्हणतो, स्लाइड आधी, कागद नंतर,
कागदाला फुटायची भीती नसते.
खिडकीला जानेवारीचं धुकं नाक लावून उभं.
ग्वाल्हेरचा किल्ला आज सकाळपासून गैरहजर.

लाकडी खाचांमधून निघतात
एकोणीसशे एकाहत्तरपासूनच्या बायका,
जांभळ्या-गुलाबी, नखाएवढ्या.
नाव कुणालाच नाही,
काचेवर हिऱ्याच्या टोकाने कोरलेला आकडा तेवढा.

बाईंचे विषय दोनच: रक्त आणि गाठ.
रक्त सकाळी, गाठ दुपारी,
मध्ये डब्यातली गार पोळी
आणि थंडीत मुरैन्याची गजक, अर्धी माझी.

सकाळी भिंडहून ट्रॉलीत घालून आणायचे कुणालातरी,
पोटात बांधाच्या भांडणाचं शिसं.
बाई पांढऱ्या फरशीवर थेंबात थेंब मिसळायच्या,
फरशी कलती करायच्या, आणि थांबायच्या.
दारात दुनाळीवाले भाऊ: देर काहे की, डॉक्टरनी?
त्या मान वर न करता,
दाणे धरतात का बघते आहे.
चुकीचं रक्त गोळीसारखा आवाज करत नाही.

दुपारी घुंघट यायचे.
आपल्याकडे गाठ पडली म्हणजे भेट झाली म्हणतात, नाही का,
सूक्ष्मदर्शकावर वाकून त्या एकदा म्हणाल्या,
हसल्या नाहीत, मीही नाही.
त्यांच्या वहीत दोन रकाने:
गाठ कळली.
गाठ दाखवली.
मधलं अंतर दिवसांत.
एकशे दहा. तीनशे चाळीस.
एकीचं चौदाशे साठ,
कारणाच्या जागी बाईंचं टपोरं अक्षर,
म्हैस व्यायली, मग नणंदेचं लग्न, मग पुन्हा म्हैस.

बहुतेक गाठी साध्या निघायच्या.
‘साधी’ हा शब्द त्या स्वतः जाऊन सांगायच्या, खाटेपाशी,
कारण कागद घरी पोचतो
तो ज्याला वाचता येतो त्याच्या मर्जीने.
साधी नसली तरी त्याच जायच्या.
मग परत येऊन
नळाखाली हात धरून उभ्या राहायच्या,
दुपारी नळाला पाणी नसतं
हे अठ्ठावीस वर्षं माहीत असून.

तळच्या खणात एक पत्र, टाचणी गंजलेली.
निबंध स्वीकारला आहे.
तक्ता सहाचा विषयाशी संबंध दिसत नाही, कृपया गाळावा.

तक्ता सहा.
स्त्री-रुग्णांना चढवलेल्या बाटल्या, चारशे बारा.
कुणी दिल्या:
भाऊ, एकशे सदुसष्ट.
विकत, एकशे चार.
बाप, एकोणसाठ.
वसतिगृहातली पोरं, अठ्ठेचाळीस.
आई, पंचवीस
(पैकी सहा जणींना आधी स्वतःलाच लागलं असतं).
नवरा, नऊ.

मी पुन्हा वाचते. रामसेवक खोकी बांधायचा थांबतो.
‘कमजोरी आती है,’ तो म्हणतो,
‘सब यही बोलते थे. फिर हल कौन पकड़ेगा.’
मग काही बोलत नाही,
सुतळीचं टोक तोंडात धरून उभा.

नऊवर पेन्सिलीची काट. शेजारी, आठ.
खाली जागा करून लिहिलंय: दीर, एक.
आणि समासात,
खाट एकतीसजवळ नवरा म्हणून नोंदवलेला इसम
तिचा दीर निघाला. आज गावी जाऊन विचारलं.

गाव डबऱ्याच्या पुढे, बस बदलून.
तारीख पाहिली.
गाळावा असं पत्र येऊन
तेव्हा साडेचार महिने झाले होते.

इसे कहाँ रखें, मी विचारते,
माझी मराठी अशा वेळी पळून जाते.
रामसेवक कागद हातात घेतो,
उजेडाला धरतो, स्लाइड धरतात तसा, कडांनी,
आणि कागदांचं खोकं ओलांडून
काचांच्या खोक्यात ठेवतो, कापसावर.