हिंग लावून

तातेवहून गोरिसला उतरले तोवर
येरेवानची शेवटची मार्शुत्का निघून गेली होती.
असं सांगितलं तिकीटखिडकी बंद करणाऱ्या माणसानं:
एक पंजा गाडीसारखा दूर नेला,
मग दोन्ही हात रिकामे करून दाखवले.
फोनमध्ये चार टक्के.
सुळक्यांच्या डोंगरावर ऊन आटत चाललेलं.
मनात म्हटलं, बाई गं,
इथं तुला कुणी हिंग लावून विचारणार नाही.

रस्त्यापलीकडे एक म्हातारी
हिरव्या अक्रोडांचं घमेलं घेऊन बसली होती.
तिनं आधी माझे बूट पाहिले, मग आभाळ,
मग पायानंच दुसरं स्टूल पुढे सरकवलं.
एवढंच आमंत्रण.

अक्रोडाला हिरवी साल असते
हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.
मला वाटायचं तो जन्मतःच टणक,
सुक्या मेव्याच्या खोक्यात, बदामाच्या शेजारी.
रबरी हातमोज्यांची जोडी एकच होती.
तिनं एक मला दिला, एक स्वतः घातला.
मी तो भलत्याच हातात चढवला, सुरीच्या.
ती काहीतरी म्हणाली.
मी मान डोलावली, जशी न कळल्यावर डोलावतात.

सोललेले अक्रोड ती मोजून टोपलीत टाकायची.
मेक. येर्कू. येरेक. चोर्स.
हिंग.
मला हसू फुटलं.
तिनं सुरी थांबवली.
आता समजवायचं कसं?
मी हवेत कढई धरली, तेल ओतलं,
चिमटीतून काहीतरी सोडलं,
चर्र असा आवाज काढला,
नाक मुरडलं आणि जोरात शिंकले.
ती माझ्याकडे बघत राहिली,
डॉक्टरकडे न्यावं की जेवायला, या विचारात.

जेवायलाच नेलं.
आरुस्याक तिचं नाव, हे दारावरच्या पाटीवरून नाही,
शेजारणीनं भिंतीपलीकडून मारलेल्या हाकेवरून कळलं.
लवाशमध्ये चीज, तारखून, मुठीनं मीठ.
वर जर्दाळूची दारू, जी घोटभर प्यायल्यावर
मला माझे सगळे दात वेगवेगळे जाणवले.

मग तिनं मुलं मोजून दाखवली.
मेक, अंगठा: क्रास्नोदार.
येर्कू: क्रास्नोदार.
येरेक, मुलगी: हात कानाशी नेऊन,
रविवारी फोन येतो असं काहीसं.
चोर्स: बोटानं हवेत ट्रक चालवला.
आणि करंगळी
तिनं नुसती दुमडून घेतली.

भिंतीवर फोटो नव्हता. मेणबत्ती नव्हती.
काहीच नव्हतं जे वाचता येईल.
तो गेला होता, की फक्त रुसला होता,
की झालाच नव्हता कधी,
मला विचारता आलं नाही.
भाषा नव्हती हे खरं.
असती तर विचारलं असतं का, कुणास ठाऊक.
तासाभरापूर्वी मी नेमकी त्याच आकड्याला हसले होते.

तिनंच माझ्याकडे पाहिलं.
हिंग, ती म्हणाली,
आणि शिंकली.
माझी नक्कल, हुबेहूब, नाक मुरडण्यासकट.
आम्ही दोघी हसलो, ती जरा जास्त वेळ,
मग उठून तिनं अंथरूण घातलं.

सकाळी तिनं मला बसमध्ये ढकललं,
मांडीवर अक्रोडांची पिशवी. पैसे घेतले नाहीत;
नोट पुढे केली तर हातावर चापट मारली, सणसणीत.

अक्रोडाचा डाग साबणानं जात नाही,
लिंबानं नाही, रॉकेलनंही नाही.
डाव्या हाताची पाचही बोटं काळी घेऊन
मी ऑफिसात गेले.
मोघे म्हणाले, काय हो,
पाच पाच वेळा मतदान करून आलात?
सांगायला तोंड उघडलं,
पण त्यांना शिंकून दाखवायचं जिवावर आलं.

महिन्याभरात डाग वर सरकत सरकत
नखांच्या कडेला आला.
काल नखं काढली.
चार कापली.
करंगळीचं राहू दिलंय अजून.