डाव्या पानावरचं नाव

पुस्तक जुन्या बाजारात मिळालं, बुधवारी,
नळाच्या तोट्या आणि मिक्सरच्या पोचलेल्या भांड्यांमध्ये.
वीस म्हणाला, पंधराला दिलं.
मुखपृष्ठ नाही. पहिली चार पानं नाहीत.
म्हणजे पुस्तकाचं नाव नाही, बाईचं नाव नाही,
फक्त प्रत्येक डाव्या पानाच्या माथ्यावर
बारीक ठशात: पारखी.

बाईच कशावरून? नवऱ्यानं विचारलं.
तो चष्म्याच्या काचा घासतो, त्याला स्वच्छ लागतं सगळं.
म्हटलं, पान एकतीस वाच.
दूध वर येताना आधी स्टोव्ह गाठायचा
की आधी वाक्य पुरं करायचं,
यावर पुरुष दीड पान लिहीत नाही.

मी ते धायरीच्या शेवटच्या स्टॉपवर वाचलं,
सात-सात मिनिटांच्या थांब्यात,
तिकिटाचं यंत्र मांडीवर, सातवा महिना.
गोपाळे ड्रायव्हर चहा संपवून हॉर्न द्यायचे.
पानात बोट तसंच ठेवून
मी दुसऱ्या हातानं डबल बेल मारायची.

क्षेत्रीय कार्यालयातला माणूस म्हणाला,
"ताई, आडनाव खालच्या रकान्यात."
म्हटलं, खाली खुटवड आहे. वर पारखी.
"मुलीचं नाव सांगा."
तेच.
"मग आडनाव?"
खुटवड.
"मग हे पारखी कोण?"
असे आम्ही तीनदा गोल फिरलो
आणि मागची रांग हसायची थांबून चिडायला लागली.

सासूबाईंना वेगळंच लागलं.
"पारखी? अगं, मायेला पारखी, अन्नाला पारखी.
जन्मल्या जन्मल्या पोरीला तुटलेली म्हणायचं?"
हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.
मी आपली सोनं ओळखणारी धरून चालले होते.
रात्रभर शब्द भाकरीसारखा
या अंगानं, त्या अंगानं उलटत राहिले.
दोन्ही अंगांनी भाजलेला निघाला.
जिचं पहिलं नाव रद्दीत गेलं
ती पारखीच झाली की स्वतःला.

आणि आडनाव तरी तिचं कशावरून?
लग्नात मिळालं असेल.
कुणा तपकीर ओढणाऱ्या पारख्यांचं,
ज्यांनी स्टोव्हला कधी पिन मारली नसेल.
असू दे. ती चौऱ्याऐंशी पानं त्यांनी लिहिली नाहीत.
माझ्याही छातीवरची पट्टी बदलली,
आधी तिकोणे, मग खुटवड,
सुट्ट्या पैशांची कटकट तीच.

बारशाला हडपसरहून आत्या आली.
कागदोपत्री शैलजा. माहेरची सुगंधा.
नवऱ्यानं ताम्हनातल्या तांदळावर अंगठीनं नाव काढलं,
सगळ्यांनी वाकून वाचलं, टाळ्या वाजवल्या,
आणि ते तांदूळ दुसऱ्या दिवशी खिचडीत गेले.
हे ती दरवेळी हसत सांगते.
त्या दिवशी पाळण्यावर ओणवी झाली
आणि बराच वेळ काही बोललीच नाही.
पाठीवर धपाटे घालून बायका दमल्या.
मग पोरीच्या कानात दोनदा काहीतरी म्हणाली.
दुसऱ्यांदा पारखी म्हणाली.
पहिल्यांदा काय, ते मला ऐकू आलं नाही,
मी विचारलंही नाही.

परवा कमला नेहरूत लशीची वेळ होती.
काउंटरवरून आवाज आला, "पारखी!"
मी उठले, आणि माझ्याबरोबर
कुत्रं चावलेले एक आजोबा उठले, पोटरीला पट्टी.
केसपेपरांची अदलाबदल झाली.
त्यांची सुई हिला बसता बसता राहिली.
मग शेजारी टेकून त्यांनी विचारलंच,
पुण्यात विचारतात तसं, आवाज न चढवता,
"तुम्ही कुठले पारखी?"

पोर माझ्या ओढणीचं टोक चोखत होती.
म्हटलं, डाव्या पानावरचे.

"अस्सं," आजोबा म्हणाले,
आणि मान डोलावली,
जणू त्या गावावरून ते एकदा गेले होते.