पाठ

पेरुगेटजवळ, बॅटरीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
आमचा रविवारचा वर्ग. अकरा जण.
मी सोडून सगळे माझ्या मुलीपेक्षा लहान,
सोनटक्के सरसुद्धा.

पहिल्या दिवशी त्यांनी हातात दिलं एक छापील चित्र,
जुनं, परदेशी, कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग.
पाठमोरी बाई, कमरेपर्यंत उघडी,
केस बांधायला दोन्ही हात वर.
"चेहराच नाही, सोपं आहे," एक मुलगा म्हणाला.
मी गप्प.
तीस वर्षं धनकवडीत ब्लाउज शिवतेय.
पाठ सोपी नसते.

चौकटी आखायला मी पिशवीतून खडू काढला,
शिवणाचा, तिकोनी.
सरांनी न बोलता पेन्सिल पुढे केली.

आधी जलरंग.
यात पांढरा नसतो, सर म्हणाले,
पांढरा म्हणजे सोडलेला कागद.
खांद्यावरचा उजेड आधी ठरवा,
मग त्याच्या कडेकडेनं चाला.
हे मला लगेच कळलं. कात्री अशीच चालते.
एकदा कापलं की कापलं,
आणि कापड कुणाच्या तरी साखरपुड्याचं.

कळलं, पण जमलं नाही.
एकीच्या पाठीचा चिखल झाला, एकीला कावीळ.
सहा कागद गेले.
सातवीच्या मानेवरून रंग ओघळला,
तो मी पुसला नाही.
मे महिन्यात दुकानात येतात बायका
तशी दिसली ती.

आमच्याकडे गुरुवारी पाणी बंद.
बुधवारी रात्री बादली, हंडा, दोन पातेली भरते
आणि शेजारी ब्रशचे दोन मग.
नवरा म्हणतो, आधी आपला भात,
मग तिची आंघोळ.
हल्ली तोच मग भरून ठेवतो.

मग ग्वाश.
शब्द जिभेवर बसेना, मी गवाश म्हणते, गवारीच्या चालीवर.
हा रंग झाकतो.
अंधारावर उजेड ठेवता येतो,
चुकलं तर वरून पुन्हा.
"म्हणजे उसवण," मी म्हटलं.
"काय?"
"उसवायचं, परत शिवायचं. पण सर,
जुन्या टाक्यांची भोकं राहतात."
त्यांनी वाळलेल्या पाठीवरून ओला ब्रश फिरवला.
खालचा जांभळा वर आला.
"राहतात," म्हणाले.

तिसऱ्या महिन्यात राहवेना, टेप लावला.
मान ते कंबर. खांदा ते खांदा. हिशेब केला.
पाठ लांब होती,
दोन बोटं तरी.
असली बाई माझ्या दुकानात कधी आली नाही.
एवढा मोठा चित्रकार, आणि माप चुकलेलं!
मला रात्री झोपेतही हसू येत होतं.

नवा कागद घेतला. गुपचूप माप नीट केलं.
मणके बसले जागच्या जागी,
कंबर आली तिथेच जिथे असते,
आणि ती बाई उठून निघून गेली.
उरला तो काचेआडचा पुतळा,
ज्याला मी रोज पदर नेसवते.
खाली कोणीतरी बॅटरी चार्जिंगला लावत होतं,
वर रंगाचं पाणी गढूळ होत होतं,
आणि मी बसून होते.

मग तिला तिची दोन बोटं परत दिली.
सरांना सांगितलं नाही.
त्यांना माहीत असावं. असेलच.

काल शबनम तांबोळी आली मापाला.
पाठ करून उभी राहिली,
केस वर धरले, दोन्ही हातांनी.
दारातून चारचं ऊन.
खवाट्याच्या हाडाखाली सावली होती,
जिला इतकी वर्षं मी करडी समजत आले.
हिरवट होती.
कडेला, जिथे ऊन संपतं,
किंचित गुलाबी.

"मावशी, किती आलं?"

"साडेचौदा," मी म्हटलं.
टेप अजून माझ्या गळ्यातच होता.